बॅटरीत पाणी घालण्याआधी ते आटलं का, हे बघा

सेल_सहा (टिळकवाडी)

मे संपत आला की इथं एकच प्रश्न फिरून फिरून येतो: बॅटरीत पाणी किती घालायचं? म्हणून सगळं एका धाग्यात. भर घालणाऱ्यांनी आकड्यासह घालावी, "आमच्यात असंच करतात" एवढ्यावर नको.

आधी बॅटरी कुठली ते बघा. वर सहा टोपणं दिसत असतील तर पाणी घालायची. टोपणं नाहीत पण स्टिकरखाली दोन लांब पट्ट्या आहेत, अशा बऱ्याच "मेंटेनन्स फ्री" म्हणून विकल्या जाणाऱ्या बॅटऱ्या खरं तर कमी पाणी पिणाऱ्या असतात. गॅरंटी संपल्यावर पट्टी उघडून पातळी बघता येते. एजीएम लिहिलेली बॅटरी मात्र अजिबात उघडायची नाही. तिच्यात वाहतं पाणी नसतंच, अ‍ॅसिड काचेच्या तंतूंच्या चटईत मुरलेलं असतं. उघडली की गेली.

पातळी: प्लेटांच्या वर १० ते १५ मिलिमीटर. डबा अर्धपारदर्शक असेल तर बाहेरच्या वरच्या आणि खालच्या रेघा बघा. काळा डबा असेल तर टोपण काढून बॅटरीने आत उजेड टाका (हातातल्या बॅटरीने, म्हणजे टॉर्चने; काडी किंवा लायटर पेटवून बघणारे अजून आहेत, आणि आत हायड्रोजन असतो). भोकाच्या खाली प्लास्टिकची नळी उतरलेली दिसते. पाणी त्या नळीच्या खालच्या कडेला टेकलं की पातळी झाली. त्याच्या वर एक थेंब नको.

गाडी सपाट जागेवर उभी हवी. उतारावर तीन सेल (एकेका टोपणाखालचे कप्पे) भरलेले आणि तीन रिकामे दिसतात.

कधी घालायचं: चार्ज झाल्यावर. चार्ज होताना आतली पातळी चढते, त्यामुळे उतरलेल्या बॅटरीत काठोकाठ घालून चार्जिंगला लावली की टोपणातून अ‍ॅसिड बाहेर येतं. अपवाद एकच. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर प्लेटा जेमतेम बुडतील एवढं आधी घाला, चार्ज करा, मग उरलेलं.

चांगल्या चाललेल्या गाडीत दोन-तीन महिन्यांत सेलमागं २०-३० मिली लागलं तर काळजी नाही. सहा सेलना मिळून पाव लिटर महिन्याला जात असेल तर पाणी घालत बसू नका, खालचे प्रतिसाद वाचा.

ओला_कोट (खानापूर)

पाणी कुठलं ते स्पष्ट लिहा की ओ. आरओचं चालतं म्हणणारे गल्लीगल्लीत आहेत. एसीच्या नळीतून गळणारं पण लोक बाटलीत भरून ठेवायलेत. आणि आमच्या कणकुंबी-जांबोटीकडं पावसाचं पाणी फुकटच, तेही शुद्धच की, असा एक पंथ आहे.

सेल_सहा (टिळकवाडी)

तिन्ही नकोत. घरचा आरओ पाण्यातले क्षार कमी करतो, संपवत नाही. उलट चव यावी म्हणून बऱ्याच मशिनींत थोडं कच्चं पाणी मुद्दाम मिसळतात. नळाचं पाणी राकसकोप धरणाचं असो की हिडकल धरणाचं, त्यात क्लोरीन मारलेलं असतं. बोअरचं तर विचारूच नका.

काय बिघडतं तेही सांगतो. क्लोराइडमुळं पॉझिटिव्ह प्लेटची जाळी खाल्ली जाते. लोखंडाचा अंश एका प्लेटवरून दुसऱ्या प्लेटवर हेलपाटे घालतो आणि बॅटरी उभ्या उभ्या उतरते. तांबं निगेटिव्ह प्लेटवर बसतं, मग तिथं गॅस जास्त सुटतो आणि पाणी आणखी वेगानं आटतं. एसीचं पाणी तांब्याच्या नळ्या आणि अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यांवरून धूळ धुऊन खाली येतं, म्हणजे नेमकं नको तेच घेऊन. पावसाचं आभाळातून चांगलं येतं, पण आपण ते जस्ताच्या पत्र्यावरून गोळा करतो.

डिस्टिल्ड किंवा डीमिनरलाइज्ड, दोन्ही चालतात. डब्यावर "आयएस १०६९" छापलंय का बघा, ते साठवण बॅटरीच्या पाण्याचं भारतीय मानक आहे. दुकानात "बॅटरी नीरु" मागितलं तरी तेच मिळेल, पण डबा सीलबंद घ्या. ऑइलच्या रिकाम्या बाटलीत ओतून दिलेलं घेऊ नका. घालायला प्लास्टिकचं फनेल किंवा ५० मिलीची सिरिंज, सुईशिवाय. सिरिंजचा फायदा असा की कुठल्या सेलनं किती घेतलं ते मोजता येतं. तो आकडा कागदावर लिहून ठेवा, पुढं कामाला येतो.

ऊसपट्टा (चिकोडी)

आमच्याकडं ट्रॅक्टरवाले सरळ अ‍ॅसिड घालतात. सेल्फ जोरात फिरतो म्हणे. कारखान्याचा हंगाम लागला की दिवसातनं वीस वेळा बंद-चालू, त्यात बॅटरी दमली की मिस्त्री बाटलीतनं थोडं मारतो. लगेच फरक पडतो हे खरं आहे. मग चूक काय?

हायड्रोमीटर (निपाणी)

फरक पडतो तो दोन महिने. मग बॅटरी जाते ती कायमची.

अण्णा, बॅटरीतून उडून जातं ते फक्त पाणी. चार्जिंगच्या करंटनं पाण्याचा हायड्रोजन आणि ऑक्सिजन होतो, तो टोपणातून जातो. अ‍ॅसिड आतच राहतं. म्हणजे पातळी उतरलेल्या बॅटरीत उरलेला द्रव आधीच जास्त तिखट झालेला असतो. त्यात वरून अ‍ॅसिड घातलं की ग्रॅव्हिटी (द्रव पाण्याच्या किती पट जड तो आकडा) १.३०० च्या पुढं जाते. व्होल्टेज क्षणभर वाढतं, कारण सेलचं व्होल्टेज थेट ग्रॅव्हिटीवर असतं. पण त्या तिखटपणात पॉझिटिव्हची जाळी गळते, मधले सेपरेटर जळतात, आणि उन्हाळ्यात ते काम दुप्पट वेगानं होतं. अथणी-रायबागकडं बॉनेटखाली काय तापमान असतं ते वेगळं सांगायला नको.

अ‍ॅसिड घालायची वेळ एकच: बॅटरी कलंडून द्रव सांडला तर. तेव्हासुद्धा पूर्ण चार्ज करून, बाकीच्या सेलची ग्रॅव्हिटी बघून, तेवढ्याच ग्रॅव्हिटीचं तयार अ‍ॅसिड. घरी मिसळायचं काम करू नका. करावंच लागलं तर पाण्यात अ‍ॅसिड ओतायचं, अ‍ॅसिडमध्ये पाणी कधीच नाही, ते उकळून तोंडावर येतं.

आता ग्रॅव्हिटी मोजायची कशी. काचेचा हायड्रोमीटर, रबरी फुगा वर. फुगा दाबून टोक सेलमध्ये बुडवा, हळू सोडा, आतला तरंगणारा भाग काचेला न टेकता मोकळा तरंगायला हवा. डोळ्याच्या पातळीवर धरून आकडा वाचा, द्रव त्याच सेलमध्ये परत. गॅरेजात "साडेबाराशे" म्हणतात ते १.२५०.

पूर्ण चार्जचा आकडा बॅटरीवर लिहिलेला असतो. आपल्या उष्ण हवेसाठी बऱ्याच कंपन्या १.२४० च्या आसपास ठेवतात, काही १.२८० पर्यंत. म्हणून शेजाऱ्याच्या बॅटरीशी तुलना करू नका. मोजताना द्रव २७ अंशांच्या वर असेल तर दर १० अंशांना ०.००७ मिळवा, खाली असेल तर वजा करा. १.१८० ला आली की चार्जिंगला टाकायची वेळ.

आकड्यापेक्षा महत्त्वाचा सेलासेलांतला फरक. पाच सेल १.२४० आणि एक १.१८०, म्हणजे ५० पॉइंटांच्या (०.०५० च्या) वर फरक, चार्ज करूनही राहिला तर तो सेल गेला. त्यात अ‍ॅसिड घालून आकडा सारखा करता येतो. सेल सारखा होत नाही.

आणि पाणी घातल्या घातल्या मोजू नका. नवं पाणी हलकं, वर तरंगतं, आकडा खोटा येतो. तासभर गाडी चालवा, मग मोजा.

मल्टिमीटरवाला (उद्यमबाग)

हायड्रोमीटर नसला तर मीटर आहेच. पण सकाळी, गाडी चालू करण्याआधी. रात्री आल्या आल्या मोजलं तर वरवरचा चार्ज दिसतो. घाई असेल तर हेडलाइट दोन मिनिटं लावून बंद करा, पाच मिनिटांनी मोजा.

१२.६ च्या वर म्हणजे भरलेली. १२.४ म्हणजे पाऊण. १२.२ म्हणजे अर्धी. १२.० ला चतुर्थांश राहिली. ११.८ म्हणजे संपली. १०.५ च्या आसपास दिसलं आणि चार्ज करूनही तिथंच राहिलं तर सहापैकी एक सेल शॉर्ट, कारण प्रत्येक सेलचे २.१ व्होल्ट असतात.

निपाणीकरांच्या आकड्याशी जुळवायचं असेल तर ग्रॅव्हिटीत ०.८४ मिळवा, एका सेलचं व्होल्टेज येतं. १.२६० अधिक ०.८४ म्हणजे २.१०, गुणिले सहा १२.६. पूर्ण चार्ज १.२४० असलेली बॅटरी मात्र याच हिशोबानं १२.५ लाच भरलेली. मीटर आणि हायड्रोमीटर जुळत नसतील तर मापन चुकलंय.

सेल्फ मारताना मीटर लावून ठेवा. १५ सेकंदांत ९.६ च्या खाली गेलं तर बॅटरी दमलेली. मात्र ती आधी पूर्ण चार्ज हवी, नाहीतर चांगलीलाही फाशी द्याल.

ओला_कोट (खानापूर)

आता मूळ प्रश्न. डिझेल गाडी आहे, तीन आठवड्यांत सगळ्या सहा सेलमध्ये पाणी कमी. सारखंच कमी. टर्मिनलवर पांढरं पीठ पण येतंय. बॅटरी दीड वर्षाची.

मल्टिमीटरवाला (उद्यमबाग)

सगळ्यांत सारखं म्हणजे बॅटरी नाही, चार्जिंग. इंजिन गरम करा, दीड-दोन हजार आरपीएमला धरा, बॅटरीच्या शिशाच्या पोलवर मीटर. १३.८ ते १४.४ यायला हवं. १४.८ च्या वर गेलं तर अल्टरनेटरचा (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करतो तो) व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर गेलाय. बॅटरी उकळते, पाणी उडतं, वाफेबरोबर अ‍ॅसिडचे कण येतात, तेच तुमचं पांढरं पीठ. नवी बॅटरी टाकली तरी तीही दीड वर्षात जाईल.

उलट तपासणी पण करा. हेडलाइट, ब्लोअर, मागच्या काचेचा हीटर चालू करून १३.५ च्या खाली जातंय का? गेलं तर बेल्ट सैल किंवा अल्टरनेटर कमजोर. बरेच जण दुसऱ्या आजारात पहिल्याचा इलाज करतात.

एक सूचना. नव्या गाड्यांत निगेटिव्ह पोलवर वायरींचं छोटं डबडं असतं, तो सेन्सर. अशा गाड्यांत चार्जिंग व्होल्टेज कॉम्प्युटर ठरवतो, कधी १२.८ दिसेल कधी १४.९. तिथं मीटरवरून निकाल देऊ नका. चार्जरचा काळा चिमटाही पोलवर न लावता बॉडीला लावा, म्हणजे सेन्सरला करंट मोजता येतो.

सेल_सहा (टिळकवाडी)

मघाशी सेलनुसार आकडे लिहून ठेवा म्हटलं ते याचसाठी. सगळे सारखे घटले तर चार्जिंग. एकच सेल दर वेळी जास्त पितो तर त्या सेलमध्ये बिघाड किंवा डब्याला तडा. तडा असेल तर ट्रे ओला आणि रंग सोललेला दिसतो. कडेचे दोन सेल इंजिनच्या बाजूला असतील तर ते थोडं जास्त पिणार, तो गुन्हा नाही. तिथं उष्णता आडवणारं कव्हर असतं, वर्कशॉपात काढलेलं परत बसवलंय का तेवढं बघा.

ओला_कोट (खानापूर)

१५.१ आलं. रेग्युलेटर बघायला जातो. तोवर ते पीठ काढू कसं?

हायड्रोमीटर (निपाणी)

इंजिन बंद, चावी काढलेली. हातातली अंगठी, कडं, घड्याळ काढा. पाना दहाचा. पहिल्यांदा निगेटिव्ह सोडवा, मग पॉझिटिव्ह. लावताना उलट: आधी पॉझिटिव्ह, शेवटी निगेटिव्ह. कारण साधं आहे. निगेटिव्ह सुटलेला असताना पॉझिटिव्हवरचा पाना बॉडीला लागला तरी काही होत नाही. निगेटिव्ह जोडलेला असताना लागला तर पाना लाल होतो.

क्लॅम्प निघत नसेल तर स्क्रू ड्रायव्हरनं उचकटू नका, पोल आतून सुटतो. गरम पाणी ओता, फिरवून सोडवा. पेलाभर कोमट पाण्यात एक चमचा खाण्याचा सोडा, जुन्या दातांच्या ब्रशनं घासा. फेस थांबला की अ‍ॅसिड संपलं. त्याआधी सगळी टोपणं घट्ट आहेत आणि त्यांच्या श्वासाच्या भोकांवर फडकं आहे हे बघा, सोड्याचा एक थेंब आत गेला तर तेवढं अ‍ॅसिड मेलं. साध्या पाण्यानं धुवा, सुकवा, पोल चमकेपर्यंत पॉलिश पेपर. क्लॅम्प बसवून घट्ट केल्यावर वरून व्हॅसलीन. आधी लावून मग क्लॅम्प बसवू नका.

घट्ट म्हणजे हातानं फिरत नाही एवढंच. शिसं मऊ असतं.

रबरी हातमोजे आणि चष्मा घाला. डोळ्यात उडालं तर सोडा नाही, नुसतं वाहतं पाणी पंधरा मिनिटं, मग दवाखाना. सुती शर्टावर उडालेलं तेव्हा दिसत नाही, दुसऱ्या धुण्यात भोकं पडतात.

ऊसपट्टा (चिकोडी)

ट्रॅक्टरच्या बॅटरीवर ऊसाच्या पाल्याची धूळ आणि ओल मिळून चिकट थर बसतो. त्यानं काय होतं का?

मल्टिमीटरवाला (उद्यमबाग)

होतं, आणि मोजताही येतं. मीटरचा काळा निगेटिव्ह पोलवर, लाल नुसता डब्याच्या वरच्या प्लास्टिकवर फिरवा. अर्धा-एक व्होल्ट दिसला म्हणजे तो थर करंट वाहतोय, बॅटरी रात्रभर स्वतःलाच उतरवतेय. सोड्याच्या पाण्यानं पुसा.

ट्रॅक्टरला दुसरी गोष्ट म्हणजे पट्टी. बॅटरी धरणारी पट्टी सैल असेल तर शेतातल्या हादऱ्यांनी प्लेटांवरचा लेप झडतो, तळाशी गाळ साचतो, प्लेटांना टेकला की सेल शॉर्ट. पट्टी कसायची, पण डबा चेपेल इतकी नाही.

सीमेवरचा (कागवाड)

पुण्या-मुंबईला राहणाऱ्यांच्या गाड्या गावात उभ्या असतात. घरचे दर रविवारी पाच मिनिटं चालू करून बंद करतात. उपयोग होतो का?

मल्टिमीटरवाला (उद्यमबाग)

हिशोब करूया. सेल्फ साधारण १५० अँपिअर ओढतो, तीन सेकंद. ते झाले ०.१२५ अँपिअर-तास. म्हणजे चालू करण्यात फार जात नाही. खरा खर्च उभ्या गाडीचा. घड्याळ, अलार्म, कॉम्प्युटर मिळून ५० मिलिअँपिअर धरले तर दिवसाला १.२ अँपिअर-तास, म्हणजे जवळजवळ दहा सेल्फ. आठवड्याला ८.४. पाच मिनिटांत आयडलवर बॅटरीनं १० अँपिअर घेतले तरी एकपेक्षा कमी परत येतो. ३५ एएचची (अँपिअर-तासांची) बॅटरी १५ दिवसांत अर्धी, महिन्यात मेलेली. अर्धी उतरून पडलेली बॅटरी सल्फेट धरते: प्लेटांवर शिशाच्या सल्फेटचे बारीक खडे होतात, ते सुरुवातीला चार्ज करून विरघळतात, जुने झाले की नाहीत.

म्हणून दोन आठवड्यांपेक्षा जास्त उभी राहणार असेल तर निगेटिव्ह काढून ठेवा. घड्याळ आणि काचांचं सेटिंग जाईल, जाऊ दे. महिन्यातून एकदा चार्जर: एएचच्या दहाव्या भागाचा करंट, ३५ ला ३.५ अँपिअर. टोपणं सैल करून, हवेशीर पडवीत. देवघराशेजारी नाही, तिथं निरांजन असतं.

५० मिलिअँपिअरपेक्षा जास्त ओढतंय का बघायचं तर निगेटिव्ह आणि त्याच्या केबलच्या मध्ये मीटर, १० अँपिअरच्या भोकात. दारं बंद करून अर्धा तास थांबा, कॉम्प्युटर झोपायला वेळ लागतो. मग एकेक फ्यूज काढत जा. डॅशकॅम आणि बाहेरून बसवलेली म्युझिक सिस्टीम हे नेहमीचे संशयित.

ओला_कोट (खानापूर)

चोर्ला घाटात पावसात गाडी बंद पडली तर दुसऱ्या गाडीवरून चालू करायला केबल लावायचा क्रम सांगा. इथं जो तो वेगळं सांगतो.

हायड्रोमीटर (निपाणी)

लाल: मेलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, मग चांगल्याच्या पॉझिटिव्हला. काळी: चांगल्याच्या निगेटिव्हला, आणि शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते, ती गॅसजवळ नको. चांगली गाडी तीन-चार मिनिटं चालू ठेवा, मग सेल्फ मारा. काढताना नेमकं उलटं. बारीक केबल धुरावते, बोटाएवढी जाड घ्या. एकीकडं बारा आणि एकीकडं चोवीस व्होल्टची लॉरी असेल तर लावू नका, कॉम्प्युटर जातो.

सीमेवरचा (कागवाड)

आणि नवीच घ्यायची झाली तर कोड कसा वाचायचा? ३८बी२०एल, असलं काहीतरी असतं.

सेल_सहा (टिळकवाडी)

३८ म्हणजे ताकदीचा क्रमांक, बी म्हणजे रुंदी-उंचीचा वर्ग, २० म्हणजे लांबी सेंटिमीटरमध्ये, आणि शेवटचं एल किंवा आर म्हणजे पोल कुठल्या बाजूला. हे अक्षर चुकवलं तर केबल पुरत नाही आणि दुकानदार ओढून बसवतो, ती पुढं घासून तुटते. मूळ बॅटरीइतकी किंवा एक पायरी मोठी घ्या, ट्रेमध्ये बसत असेल तरच. तयार झाल्याची तारीख बघा. सहा महिने कपाटात पडलेली असेल तर दुकानातच मीटर लावायला सांगा, १२.४ च्या खाली असेल तर दुसरी मागा.

जुनी परत द्या, किमतीत वजा होते. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणं जुनी बॅटरी गोळा करायची जबाबदारी उत्पादकावर आहे, दुकानदार ती त्यांच्याकडंच पाठवतो. भंगारवाल्याला वजनावर देऊ नका. तो अ‍ॅसिड गटारात ओततो आणि शिसं उघड्यावर वितळवतो, जो धूर आपल्याच पोरांच्या नाकात जातो.

ओला_कोट (खानापूर)

रेग्युलेटर बदलला. आता १४.२. सहाही सेलमध्ये सिरिंजनं पाणी घातलं: ४०, ३५, ३५, ४०, ३५, ५५. शेवटचा इंजिनकडचा आहे.

सेल_सहा (टिळकवाडी)

तारीख टाकून बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटवा. दीड महिन्यानं परत मोजा. तेव्हाही शेवटचाच पुढं असेल तर ते कव्हर शोधा.